लोखंडाचे गुण, भाग ५ : दीपनगरचं ऊन आणि काळं चुंबक

भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्रात वॅगनमधून उतरलेला कोळसा पट्ट्यावरून बंकरकडे निघतो. औष्णिक केंद्रांत या पट्ट्याच्या वर एक जाडजूड चुंबक टांगलेलं असतं. खाणीतून कोळशाबरोबर आलेले नट-बोल्ट, सळ्यांचे तुकडे, तुटक्या साखळ्या ते वर खेचून घेतं आणि कोळसा दळणारी पुढची मिल वाचते. पण मँगनीज पोलादाचा तुकडा त्याच्या खालून खुशाल निघून जातो. त्यात मँगनीज १२ टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक लोखंडच. तरी चुंबक त्याला ओढत नाही. म्हणून तर सोबत मेटल डिटेक्टर ठेवावा लागतो. लोखंड किती आहे यापेक्षा ते कोणाच्या शेजारी, कसं बसलंय यावर सगळं अवलंबून असतं.

ओढलं जाणं वेगळं आणि कायमचं चुंबक होणं वेगळं. शुद्ध लोखंड चटकन चुंबकित होतं आणि तितक्याच चटकन विसरतं. कायम चुंबकाला हट्टीपणा लागतो. उलटं क्षेत्र लावलं तरी दाद न देण्याच्या या गुणाला कोअर्सिव्हिटी म्हणतात. १९३० साली टोकियोत काटो आणि ताकेई यांनी लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये, म्हणजे गंजाच्याच भाऊबंदात, हा गुण आणला. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सने बेरियम फेराइट काढलं. आज बेरियमच्या जागी बहुतेक स्ट्रॉन्शियम असतं : एका स्ट्रॉन्शियममागे लोखंडाचे १२ अणू, आणि ऑक्सिजनचे १९. स्पीकरच्या मागचं काळं, ठिसूळ कडं ते हेच. ताकद बेताची, सुमारे ०.४ टेस्ला.

पण भुसावळच्या मे महिन्यात त्याचा खरा कस लागतो. पारा ४५च्या वर गेला की फेराइटचं चुंबकत्व २० अंशांच्या तुलनेत साधारण ५ टक्के उतरतं, कोअर्सिव्हिटी मात्र वाढते. होय, उन्हात वाढते! त्याला धोका आहे तो कडाक्याच्या थंडीचा, आणि तो खानदेशाला कुठला?

निओडिमियमचं चुंबक याच्या नेमकं उलट. १९८०च्या दशकात जपानमध्ये सागावा आणि अमेरिकेत क्रोट यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. वजनाने त्यातही ७२ टक्के लोखंडच, आणि साठवलेल्या ऊर्जेच्या हिशोबात जोर फेराइटच्या साधारण दहापट. पण दर अंशाला त्याची कोअर्सिव्हिटी जवळपास ०.६ टक्क्याने घटते. साधी जात ८० अंशांपर्यंतच धकते. गाडीच्या मोटारीत त्याहून जास्त ताप असतो, म्हणून डिस्प्रोसियम मिसळावं लागतं. एप्रिल २०२५मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचं बंधन घातलं आणि पुण्याच्या बजाज ऑटोलाही ई-स्कूटरच्या उत्पादनाची चिंता लागली.

दुर्मीळ मूलद्रव्यांशिवाय भागवायचे प्रयत्न चालू आहेत. लोखंडात नायट्रोजन मुरवून केलेल्या नायट्राइडचं चुंबकत्व थक्क करणारं आहे, पण हट्टीपणा तोकडा आणि उष्णता सोसत नाही. त्याचा गाजावाजा मला अजून तरी जरा घाईचा वाटतो. जागेची आणि वजनाची अडचण नसेल तिथे फेराइटच परवडतं. स्कूटरच्या चाकातल्या मोटारीत मात्र निओडिमियमला आज तोड नाही.

आता त्या पट्ट्याकडे परत. कोळशात पायराइट म्हणून लोखंड असतं, तेही टांगलेल्या चुंबकाखालून सहीसलामत जातं. भट्टीत मात्र गंधक जळून जातं आणि लोखंडाच्या काही भागाचं मॅग्नेटाइट होतं. भंगारातल्या स्पीकरचं कडं कागदात गुंडाळून कोरड्या राखेतून फिरवून बघा. कागदाला चिकटलेले बारीक काळे कण बहुतांशी तेच असतील.