गाईचे रोग आणि वंशाचा वारसा

‘खाण तशी माती’ ही म्हण शेतकऱ्यास सोयरीक जुळविताना आठवते. गाय फळविताना मात्र तिचा विसर पडतो.

वर्धा जिल्ह्यातील आर्वीचा परिसर गवळाऊ गोवंशाचे माहेर होय. नंद गवळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या या पांढऱ्या, चपळ गाईंचे दूध बेताचेच. परंतु विदर्भाचे ऊन व गोचिडांचा उपद्रव त्या सोसतात. अधिक दुधासाठी देशी गाईंचा जर्सी व होल्स्टिन वळूंशी संकर करण्यात आला. त्यामुळे दूध वाढले, पण गोचीड तापाचा धोकाही वाढला. थायलेरिया हा सूक्ष्म परोपजीवी गोचिडांच्या चाव्यातून शरीरात शिरतो. देशी गाईत हा रोग बहुधा सौम्य असतो. संकरित गाय मात्र तीव्र ताप, सुजलेल्या गाठी व रक्तक्षय यांनी दगावू शकते. कर्ज काढून घेतलेली गाय अशी गेली, तर संसाराची घडी विस्कटते. ताप दिसताच पशुवैद्यकास बोलवावे.

सर्वच रोगांचा दोष वंशास देणे मात्र योग्य नव्हे. कासदाह, म्हणजेच दगडी, यात वंशाचा वाटा थोडा असून अस्वच्छ गोठा व सदोष दोहन हीच मुख्य कारणे असतात. तथापि कासेची ठेवण आनुवंशिक असते. लोंबत्या कासेस इजा व संसर्ग लवकर होतो.

काही दोष छुपे असतात. 1952 साली अमेरिकेत जन्मलेल्या ओसबोर्नडेल आयव्हनहो या होल्स्टिन वळूच्या वंशातून एक रक्तदोष अनेक देशांत पसरला. या दोषाची वासरे वारंवार आजारी पडून लहानपणीच मरतात. दोष वाहणारा वळू स्वतः निरोगी दिसतो. परंतु गायही तोच दोष वाहत असेल, तर सरासरीने चार वासरांत एक वासरू रोगी निपजते. म्हणूनच भारतात रेतन केंद्रांवरील वळूंची अशा दोषांसाठी तपासणी करण्याचा दंडक आहे.

ग्रामसेवकांनी व पशुपालकांनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1. कृत्रिम रेतनाच्या वेळी वळूचा क्रमांक व तारीख वहीत टिपावी.

2. एकाच वळूकडून त्याच्या कालवडी फळवू नयेत.

3. वारंवार दगडी होणाऱ्या गाईचा गोऱ्हा पैदाशीस ठेवू नये.

4. संकरित गाईच्या गोठ्यातील भेगा बुजवाव्यात; गोचिडे तेथेच दडतात.

वंश सुधारण्यास अनेक पिढ्या लागतात. गोठ्याची स्वच्छता मात्र आजच करता येते.