सतत सावरणारे यंत्र : हिंगोलीतील लायगो-इंडिया

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ, दुधाळा परिसरात, उभारली जात असलेली लायगो-इंडिया ही वेधशाळा कृष्णविवरांसारख्या अतिघन वस्तूंच्या टकरीतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी आहे. ज्या तत्त्वावर तिचे सारे काम अवलंबून राहील, त्याचे सर्वांत परिपूर्ण रूप मात्र प्राण्याच्या देहात आढळते.

बाहेरची परिस्थिती बदलली तरी शरीराची अंतर्गत अवस्था जवळपास स्थिर राहते, हा विचार क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकात मांडला आणि वॉल्टर कॅनन यांनी 1926 साली त्यास ‘होमिओस्टॅसिस’, म्हणजे समस्थिती, ही संज्ञा दिली. उष्मा वाढला की घाम येतो, थंडी वाजली की स्नायू थरथरतात. म्हणजे इष्ट अवस्थेपासून झालेला ढळ मोजून त्याच्या उलट दिशेने कृती केली जाते, आणि यालाच प्रत्याभरण किंवा फीडबॅक म्हणतात. नॉर्बर्ट वीनर यांनी 1948 साली सायबरनेटिक्स या नावाने प्राणी आणि यंत्र यांतील नियंत्रणाचा एकत्र विचार केला. त्याच सुमारास रॉस अ‍ॅशबी यांनी आपले संतुलन स्वतःच पुन्हा शोधणारे ‘होमिओस्टॅट’ हे यंत्र घडवले, तर ब्रिस्टल येथे ग्रे वॉल्टर यांनी विजेरी उतरू लागताच प्रकाशाच्या खुणेने आपल्या घरट्याकडे परतणारी यंत्रकासवे बनवली.

लायगोची रचना शरीराची नक्कल म्हणून झालेली नाही, पण तिच्यापुढील प्रश्न त्याच जातीचा आहे. परस्परांशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी 4 किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजांमधून लेझरकिरण धावतात आणि टोकांच्या आरशांवरून परततात. गुरुत्वीय लहर गेल्यास भुजांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतो, तर जमिनीची नित्याची थरथर त्याच्या कोट्यवधी पट मोठी असते. म्हणून सुमारे 40 किलोग्रॅम वजनाचा प्रत्येक आरसा चार टप्प्यांच्या लोलकास टांगलेला असतो, लोलकास आधार देणारे मंच संवेदकांच्या मदतीने कंपनांच्या विरुद्ध हलवले जातात आणि लेझरप्रकाशाने आरसा तापून त्याची वक्रता बदलू लागली, तर भोवतीच्या तापकांनी ती पूर्ववत केली जाते. देहात मज्जातंतूंची प्रतिक्षिप्त क्रिया क्षणार्धात घडते व संप्रेरकांची संथपणे. तद्वत येथेही लेझरची वारंवारिता सांभाळणारी नियंत्रणे अतिशीघ्र, तर तापमानाची मंद असतात. या साऱ्यांनी मिळून साधलेल्या अवस्थेस ‘लॉक’ म्हणतात. मोठ्या भूकंपाने ती मोडली, तर यंत्रणेस टप्प्याटप्प्याने पुन्हा तिथवर यावे लागते.

जेथे कोलाहल कमी, तेथे सावरण्याचे हे कष्टही कमी. म्हणून अशा वेधशाळेस अवजड उद्योग व वर्दळ यांपासून दूरची जागा लागते. मराठवाड्यातील या जिल्ह्याची शांतता अशा रीतीने विज्ञानाची संपत्ती ठरली आहे. मात्र 2024 साली याच जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के जाणवले असल्याने, कंपनांपासून बचाव हा येथे केवळ पुस्तकी विषय राहत नाही.

अमेरिकेतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगोने 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी 2016 मध्ये भारतीय प्रकल्पास तत्त्वतः व एप्रिल 2023 मध्ये सुमारे 2,600 कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मान्यता दिली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र आणि गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था त्यात सहभागी आहेत. आयुकात संजीव धुरंधर यांनी लहरींच्या संकेत-विश्लेषणाची पायाभरणी फार आधी केली होती. भारतातील शोधक जगभरातील अशा वेधशाळांच्या जाळ्यात आला की आकाशात लहरीचा उगम कोठे आहे, हे अधिक अचूक सांगता येईल.

या यंत्रणेचे सर्वांत अर्थपूर्ण वैशिष्ट्य तिच्या वाचनपद्धतीत आहे. लहर येताच नियंत्रण आरशांना जागेवर आणू पाहते, त्यामुळे तिचा बराचसा ठसा त्या दुरुस्तीतच दडतो. म्हणून शास्त्रज्ञ उरलेली चूक आणि ती मिटवण्यासाठी लावलेले बल, या दोन्हींवरून लहरीचे मूळ रूप उभे करतात. देहाची थरथर जशी बाहेरच्या थंडीची साक्ष देते, तशीच यंत्राची सावरण्याची धडपड येथे विश्वाची बातमी देते. आणि म्हणून स्थैर्य ही निश्चलता नसून अखंड सावधपणा आहे, हा शरीरशास्त्राचा धडा हिंगोलीच्या माळावर खगोलशास्त्राचे साधन होणार आहे.