गिअर पडत नाही तेव्हा

वर्सोव्याच्या खाडीत होडी काठाला लावताना रिव्हर्स पडलाच नाही, तर पुढे काय होतं ते नाखव्याला सांगायला नको. जुन्या आउटबोर्ड मोटरचा गिअर अडला की ‘गिअरबॉक्स गेला’ असं लगेच म्हटलं जातं. पुष्कळदा तो शाबूत असतो. (ओले एव्हिनरूडनं 1909 साली अमेरिकेत विकायला काढलेल्या मोटरला गिअर बदलायची सोयच नव्हती. कटकट नाही!)

पाण्याखालच्या या पेटीत दोन चक्रं सतत एकमेकांच्या उलट दिशेनं फिरतात. मधला दातेरी क्लच सरकून ज्याला भिडेल, त्या दिशेनं पंखा फिरतो. मध्येच राहिला तर न्यूट्रल.

क्लच सरकवते ती लिव्हरपासून आलेली केबल. म्हणून आधी इंजिन बंद करून प्लगच्या वायरी काढाव्यात, केबल सोडावी आणि पंखा हातानं फिरवत इंजिनापाशीच गिअर टाकून पाहावा. सहज पडला तर दोष बहुधा केबलचा: खाऱ्या पाण्यानं आतली तार गंजून जाम होते. गिअर पडून कटकट करत सुटत असेल, तर केबलची लांबी तपासावी. ती बरोबर असेल तर बहुधा क्लचचे दात झिजलेत. लिव्हर हळूहळू ओढणाऱ्यांची ही कमाई. गिअर इंजिनाच्या मंद गतीवर, पण झटक्यात टाकायचा असतो. इंजिन ओरडतं आणि होडी हलत नाही, तेव्हा आधी पंख्याच्या मधलं रबर पाहावं.

गिअरऑइल दुधाळ दिसलं, तर बहुधा सीलमधून पाणी शिरलंय. पंख्याच्या दांड्यावर, सीलपाशी अनेकदा तंगूस (मासेमारीची नायलॉनची दोरी) गुंडाळलेला सापडतो. सील बदलून मगच नवं ऑइल भरावं. तेही खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत.