पाटणचा मठ आणि यंत्रातील ज्या

संगणकाची 'सी' भाषा नव्याने शिकणाऱ्या मुलाला तीस अंशांची ज्या काढायला सांगावे. शाळेत तिचे उत्तर अर्धा असे पाठ झालेले असते. 'साइन' लिहून कंसात तीस घातले की काम झाले, असे त्याला वाटते. पडद्यावर मात्र उणे ०.९८८ उमटते. यंत्र कुरकुर करीत नाही, दिवा लावीत नाही, घंटा वाजवीत नाही. चुकीचे उत्तर अगदी बरोबर असल्यासारखे छापून मोकळे होते.

जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींत वावरणाऱ्या आम्हा मंडळींना ही गोष्ट केवळ गंमत वाटत नाही. फिटरच्या हातात 'साइन बार' नावाची पट्टी असते. ती दोनशे मिलिमीटरची असेल आणि तीस अंशांचा कोन लावायचा असेल, तर एका टोकाखाली शंभर मिलिमीटर उंचीचे ठोकळे द्यावे लागतात. दोनशे गुणिले अर्धा. हा हिशेब चुकला की कोन चुकतो, कोन चुकला की माल रद्द होतो, आणि जाब विचारला जातो तो यंत्राला नव्हे, त्याच्यासमोर उभे राहणाऱ्याला. म्हणून यंत्राच्या पोटात काय चालते ते कामगाराने जाणून घ्यावे, असा आमचा आग्रह आहे.

चूक कोठे झाली? 'सी' भाषेतील 'साइन'ला अंश कळत नाहीत, रेडियन कळतात. बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्याएवढी, म्हणजे मध्यापासून धावेपर्यंतच्या अंतराएवढी दोरी घ्या आणि ती धावेवरून गुंडाळा. दोरीने जेवढा कोन व्यापला तो एक रेडियन, सुमारे ५७.३ अंश. अर्ध्या फेऱ्यात असे ३.१४१६ रेडियन बसतात. मुलाने तीस लिहिले ते यंत्राने तीस रेडियन समजले: चाकाचे चार पूर्ण फेरे आणि वर सुमारे २७९ अंश. त्या कोनाची ज्या खरोखरच उणे ०.९८८ आहे. यंत्र खोटे बोललेले नाही. त्याने विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर दिले आहे. त्यात भर अशी की, धातू कापणाऱ्या सीएनसी यंत्रांच्या मॅक्रो भाषेत बहुधा अंशच चालतात. तेथे हात बसलेला कारागीर 'सी'कडे वळला की नेमका येथेच अडखळतो.

उपाय सोपा. अंशांना १८० ने भागून ३.१४१५९२६५ ने गुणावे, आणि मग ते 'साइन'च्या कंसात घालावे. पण येथेही एक खड्डा आहे. 'सी'मध्ये ३० भागिले १८० असे लिहिले, तर दोन्ही पूर्णांक असल्यामुळे भागाकारही पूर्णांकातच होतो. उत्तर शून्य, आणि अपूर्णांक फेकून दिला जातो. मजुरीच्या हिशेबातले पैसे कोठे गळतात हे पाहण्याची ज्याला सवय आहे, त्याला ही युक्ती नवी नाही! म्हणून १८० नव्हे, १८०.० लिहावे, दशांश चिन्ह दिसले की यंत्र अपूर्णांक जपते.

आता खरा प्रश्न. यंत्राला ज्या येते कोठून? तिचे एक मूळ आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावर आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. पाटणादेवीच्या यात्रेला आपल्यापैकी अनेकजण गेले असतील. तेथल्या देवळातला एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला आणि १८६५ साली त्याविषयी लिहिले. तो लेख इ. स. १२०७ चा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी पाटणला मठ काढला, आणि निकुंभ कुळातील सोईदेवाने त्याला दान दिले, अशी हकीकत त्यात आहे. (तापीकाठचे योगी चांगदेव ते वेगळे.) भास्कराचार्य येथलेच, असे काहीजण म्हणतात, काहीजण बीडकडे, तर काही विजापूरकडे बोट दाखवितात. त्या भांडणात आम्ही पडत नाही. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे, आणि आमचे लक्ष वेधले ते त्याने. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला द्यावा, चालत्या घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, असे त्यात ठरवून दिले आहे. म्हणजे ज्योतिषाच्या त्या अभ्यासाचा दिवा तेल्याच्या घाण्यावर जळत होता. हा हिशेब संस्कृतात न ठेवता लोकांच्या भाषेत कोरला गेला, हे बरे झाले. देणाऱ्याला आपण काय देतो ते वाचता आले, निदान ऐकता तरी आले.

त्या मठात शिकविला जाणारा 'सिद्धान्तशिरोमणि' ११५० सालचा. त्यात 'ज्योत्पत्ति' म्हणून प्रकरण आहे. ज्या कशा निर्माण कराव्यात याचे. भास्कराचार्य त्रिज्या ३४३८ धरतात. हा आकडा विचित्र वाटतो, पण वर्तुळाच्या परिघात २१६०० कला असतात, आणि त्याच मापाने त्रिज्या मोजली तर ती ३४३८ कला येते. कमान आणि त्रिज्या एकाच मापाने मोजायची, हीच तर रेडियनमागची कल्पना. मग त्यांचा नियम असा: हातातल्या ज्येतून तिचाच ६५६९ वा भाग वजा करा, कोज्येला दहाने गुणून ५७३ ने भागून तो त्यात मिळवा; पुढच्या अंशाची ज्या तयार. कोज्या पुढे सरकविताना तिचा ६५६९ वा भाग कमी करायचा आणि जुन्या ज्येचे दहा भागिले ५७३ वजा करायचे. शून्य अंशावर ज्या शून्य, कोज्या ३४३८. पहिल्याच पायरीला ज्या बरोबर ६० येते, कारण ५७३ ची सहापट ३४३८ होते. दुसऱ्या पायरीला ११९.९८.

नवशिक्याने 'साइन'ला हात न लावता हा प्रोग्राम आधी लिहावा, असे आम्ही सुचवितो. एक चक्र, दोन चल, चार गुणाकार-भागाकार, बस्स. काळजी एवढीच की नवी ज्या काढताना जुनी पुसली जाऊ नये, कारण कोज्येला जुनीच लागते. म्हणून ती तिसऱ्या चलात ठेवावी. तिसाव्या पायरीवर १७१९ यायला हवेत, येतात १७१८.९७.

आजचे संगणक बहुधा दुसऱ्या वाटेने जातात. केरळात चौदाव्या शतकात होऊन गेलेल्या माधवाच्या परंपरेने ज्येची श्रेढी दिली: रेडियनमधला कोन, वजा त्याच्या घनाचा सहावा भाग, अधिक पाचव्या घाताचा १२० वा भाग, याप्रमाणे पुढे. तीस अंशांचे रेडियन ०.५२३५९९, दुसरे पद वजा केले की ०.४९९६७४, तिसरे मिळविले की ०.५०००२२ नव्हे, ०.५००००२. तीन पदांत पाच घरे जुळली! पण तिच्यात तीस रेडियन तसेच घातले, तर मधली पदे पाऊण लाख कोटींच्या घरात जातात, आणि त्या प्रचंड अधिक-उण्यातून उरलेल्या इवल्या उत्तराची शेवटची घरे बिघडतात. म्हणून आधी पूर्ण फेरे काढून टाकून कोन लहान करायचा, मगच श्रेढी लावायची. यंत्राबरोबर येणारे तयार 'साइन'ही आधी कोन असाच आवरून घेते आणि मग श्रेढीसारख्याच, पण अधिक घोटून बसविलेल्या बेरजेने उत्तर काढते.

भास्कराचार्यांचे चक्र नव्वदाव्या पायरीपर्यंत चालवून पाहा. ज्या ३४३८.०२ येते, आणि शून्य व्हायला हवी ती कोज्या सुमारे ०.१२ उरते.