काचेआड निसवणारी केळ

जळगावच्या शेतकऱ्याला बसराई केळ सांगावी लागत नाही. तिच्याच कुळातली एक बुटकी केळ 1830च्या दशकात इंग्लंडमध्ये डर्बीशायरच्या चॅट्सवर्थ वाड्यातल्या काचगृहात निसवली. जोसेफ पॅक्स्टन या मुख्य माळ्याची ही करामत. वाड्याचे धनी विल्यम कॅव्हेंडिश यांच्यावरून तिला कॅव्हेंडिश हे नाव पडलं. आज जगाच्या बाजारात जाणारी बहुतेक केळी याच गटातली आहेत, आपली ग्रँड नैनसुद्धा.

थंड देशात घरी लावायला केळीइतकं सोयीचं उष्ण कटिबंधातलं फळझाड मला दुसरं दिसत नाही. बुटकी जात छताखाली मावते. शिवाय खाण्याच्या केळीत परागीभवनाशिवाय फळ धरतं, त्यामुळे बंद खोलीत मधमाशी नसली तरी अडत नाही. आंब्याला मात्र ती अडचण येतेच.

फ्रिजमध्ये ठेवलेलं केळं काळं पडतं, ते का? साधारण 12-13 अंशांखाली त्याच्या पेशींची स्निग्ध आवरणं ताठरतात, गळू लागतात आणि आत वेगवेगळी राहणारी रसायनं एकत्र येऊन काळा रंग तयार होतो. पानांनाही थंडी अशीच बाधते. पण हीटर लावलेल्या घरात हवा गरमच असते. तिथे झाड मरतं ते अंधारानं आणि ओल्या मुळांनी. डिसेंबरात रत्नागिरीचा दिवस अकरा तासांचा, लंडनचा जेमतेम आठ तासांचा, तोही मंद उजेडाचा. उजेड नाही म्हणून पान पाणी ओढत नाही. माती चिंब राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडतात. मग पानं मलूल होतात, आणि माणूस तहान समजून आणखी पाणी घालतो!

मुळांना ऊबही लागते, हे अठराव्या शतकातल्या डच आणि इंग्रज माळ्यांनी ओळखलं होतं. चामडं कमावून उरलेली ओकची साल कुजताना महिनोन्‌महिने ऊब देते. त्या सालीत ते अननसाच्या कुंड्या पुरून ठेवत. आज ते काम कुंडीखालची विजेची चटई करते.

परदेशात केळ लावणाऱ्यांनी बुटकी कॅव्हेंडिशच घ्यावी, दक्षिणेची खिडकी द्यावी, जमल्यास वर एलईडी दिवा लावावा. उजेड कमी पडला तर पानं येतील, घड येणार नाही. आणि हिवाळ्यात वरची बोटभर माती कोरडी झाल्याशिवाय कुंडीत पाणी घालू नये.