सातबारा क्लाऊडवर गेला, म्हणजे नक्की कुठं गेला?

कर्जत स्टेशनला लागून, उल्हास नदीकाठी दहिवली आहे. मुंबईकरांची फार्महाऊसं वाढली तसे या पट्ट्यात जमिनीचे व्यवहारही वाढले. व्यवहार म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला, "सातबारा कुठाय?" पूर्वी त्यासाठी तलाठ्याला गाठावं लागायचं. 1 मे 2018 ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला आणि पुढे 15 रुपयांत तो घरबसल्या मिळायला लागला.

पण हा उतारा येतो कुठून?

सातबारा आपल्याला एक कागद दिसतो. कॉम्प्युटरमध्ये तो असा एका जागी नसतोच. गावांचा तक्ता वेगळा, गट नंबरांचा वेगळा, खातेदारांचा वेगळा, फेरफारांचा वेगळा. तुम्ही गट नंबर टाकता तेव्हा हे तक्ते एकमेकांना जोडून उतारा तयार होतो. यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. जोडणी नावावर नाही, कोडवर चालते. कारण दहिवलीच घ्या. कर्जत तालुक्यात दहिवली तर्फे नीड आहे आणि दहिवली तर्फे वरेडीसुद्धा आहे. नुसत्या नावावर भरवसा ठेवला तर एकाची जमीन दुसऱ्या गावात दिसायची.

सुरुवातीला हा डेटा तालुक्याच्या सर्व्हरवर असायचा. लाईट गेली, हार्डडिस्क बसली, की तालुक्याचं काम ठप्प. पुढे तो राज्य पातळीवर आणि मग क्लाऊडवर गेला. 2018 च्या जानेवारीत राज्य सरकारनं क्लाऊडचं धोरणही जाहीर केलं होतं. स्वतःच्या विहिरीवर मोटर बसवायची की नळाचं कनेक्शन घ्यायचं, तसा हा फरक. मशीन, बॅकअप, सॉफ्टवेअर अपडेट हे क्लाऊड कंपनी बघते. नोंद कुणी करायची, कुणी बदलायची, ती खरी आहे का, हे मात्र महसूल खात्याकडेच राहतं.

आता अवघड भाग. महाराष्ट्रात सुमारे अडीच कोटी सातबारे आहेत. एवढा डेटा हलवायला वेळ लागतो आणि तोवर लोक जमिनी विकायचे थांबत नाहीत.

समजा, सोमवारी डेटाची कॉपी घेतली. मंगळवारी एका शेतकऱ्यानं पीककर्ज काढलं आणि सातबाऱ्यावर बँकेचा बोजा चढला. नव्या डेटाबेसमध्ये सोमवारची कॉपी चालू केली तर बोजा गायब. जमीन मोकळी दिसते आणि कुणीतरी ती विकतही घेतो. म्हणून कॉपीनंतरचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवतात आणि नव्या ठिकाणी त्याच क्रमानं लावतात. शेवटी थोडा वेळ नवे बदल पूर्ण थांबवतात, उरलेले बदल पोचवतात, मग सगळ्यांना नव्या पत्त्यावर वळवतात. 'सेवा तात्पुरती बंद आहे' ही पाटी वैताग आणते खरी, पण तिच्याशिवाय हे काम धोक्याचं.

त्यानंतर मोजणी होते. प्रत्येक गावात जुन्याइतक्याच नोंदी आहेत का? क्षेत्राची बेरीज जुळते का? जुन्या फॉन्टमधली मराठी युनिकोडमध्ये आणली असेल तर नावांची अक्षरं फिरलीत का, हेही बघावं लागतं.

एक चूक मात्र या मोजणीत कधीच सापडत नाही. हस्तलिखित सातबाऱ्यावरून टाइप करतानाच आजोबांचं नाव चुकलं असेल, तर ते नव्या सर्व्हरवरही तंतोतंत तसंच चुकलेलं पोचतं. मशीनच्या दृष्टीनं ती यशस्वी कॉपी. यासाठीच 2017 मध्ये गावोगावी चावडी वाचन झालं. कॉम्प्युटरवरचे सातबारे लोकांसमोर मोठ्यानं वाचले गेले आणि चुका सांगायला सांगितलं गेलं. आख्ख्या प्रकल्पातली सगळ्यात कामाची तपासणी बहुधा हीच असावी.

तुमच्या उताऱ्यात अजून अशी चूक असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 155 खाली लेखनातल्या चुकीच्या दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. सोबत जुना हस्तलिखित सातबारा आणि संबंधित फेरफाराची नक्कल जोडा.