उतरायची जागा आधीच ठाऊक हवी

विमान उडायच्या आधी वैमानिकाच्या हाती एक कागद येतो. जायचं कुठं, हे त्यात असतंच. पण तिथं धुकं पडलं, धावपट्टी बंद झाली, तर दुसरं कुठं उतरायचं, हेही बहुतेक वेळा त्यातच लिहिलेलं असतं. या दुसऱ्या जागेला पर्यायी विमानतळ म्हणतात. तिथवर पोचण्याइतकं आणि वर आणखी अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं इंधन जेट विमानाच्या टाकीत राखून ठेवावं लागतं.

शेतकरी बंधू म्हणतील, आमचा विमानाशी काय संबंध? संबंध आहे. अडचणीच्या वेळी कुठं धावायचं याची खरी आणि ताजी माहिती ज्याच्याजवळ, तो वाचतो. हा नियम आकाशात आहे तसाच बांधावरही आहे.

किलो आणि पौंडाचा घोळ

२३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एअर कॅनडाचं बोइंग ७६७ विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. विमान नवं होतं, पण त्याचा इंधनाचा काटा बंद होता. ट्रॅक्टरच्या टाकीत काठी घालून आपण डिझेल बघतो, तशाच पद्धतीनं इंधन मोजलं गेलं. या विमानाचा हिशेब किलोत होता, जुन्या विमानांचा पौंडात. लिटरचं वजन काढताना जुनाच आकडा वापरला गेला. पाहिजे होतं २२,३०० किलो, भरलं २२,३०० पौंड, म्हणजे जेमतेम १०,१०० किलो. निम्म्याहूनही कमी!

४१,००० फुटांवर असताना धोक्याची घंटा वाजली. मग एकापाठोपाठ एक दोन्ही इंजिनं बंद पडली. समोरचे बहुतेक काटे विझले. विनिपेगचा विमानतळ गाठायचं ठरलं, पण विमान ज्या वेगानं खाली येत होतं त्या हिशेबानं तिथवर पोचणं शक्य नव्हतं.

जुनी माहिती कामाला आली, पण अर्धीच

सहवैमानिकानं पूर्वी हवाई दलात असताना गिमली नावाच्या तळावर नोकरी केली होती. तिथं लांब धावपट्टी आहे, हे त्याला ठाऊक होतं. विमान तिकडं वळवलं. मुख्य वैमानिकाला बिनइंजिनाचं ग्लायडर उडवायचा चांगला सराव होता, तो इथं उपयोगी पडला.

पण मधल्या काळात हवाई दल तो तळ सोडून गेलं होतं. ज्या पट्टीवर ते उतरत होते, तिच्यावर मोटारींच्या शर्यती भरू लागल्या होत्या. त्या दिवशी तर मोटार क्लबची मंडळी बायकापोरांसह तिथं मुक्कामाला आलेली. हे सहवैमानिकाला माहीत नव्हतं. इंजिनं बंद, त्यामुळं विमानाचा आवाजही नाही. माणसं बाजूला पळाली. पुढचं चाक दुमडलं, नाक जमिनीवर घासत विमान थांबलं. आतले ६९ जण वाचले, काहींना किरकोळ इजा झाल्या. जमिनीवरच्या कुणालाही धक्का लागला नाही. नाकाजवळ लागलेली आग शर्यतवाल्यांनीच विझवली.

नशीब बलवत्तर म्हणायचं. पण नशिबावर रोज विमान चालत नाही.

माहिती एकाजवळ असून भागत नाही

म्हणून पर्यायी विमानतळाचं नुसतं नाव पुरत नाही. धावपट्टी किती लांब, रात्री दिवे असतात का, कोणत्या वेळेत उघडा, हवा कशी, अग्निशामक बंब आहे का, डागडुजी चालू आहे का, हे सगळं वैमानिकाला द्यावं लागतं. धावपट्टी बंद असेल तर तशी सूचना काढतात, तिला नोटॅम म्हणतात. विमान हवेत असतानाही कंपनीची जमिनीवरची माणसं बदललेली माहिती कळवत राहतात.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. २७ ऑगस्ट २०२१ रोजी मस्कतहून ढाक्याला निघालेल्या बिमान बांगलादेशच्या विमानात मुख्य वैमानिकाला हृदयविकाराचा झटका आला. जवळचं म्हणून नागपूर ठरलं आणि सहवैमानिकानं विमान तिथं सुखरूप उतरवलं. वैमानिकाला दवाखान्यात नेलं. दुर्दैवानं काही दिवसांनी त्यांचं निधन झालं, पण प्रवासी सगळे बचावले.

गावानं काय करावं?

रात्री दोनला कुणाला साप चावला, तर गाडी कुठं न्यायची? जवळच्या आरोग्य केंद्रात लस आहे का? रात्री डॉक्टर असतात का? नसतील तर ग्रामीण रुग्णालय किती लांब? पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल बुडाला तर दुसरा रस्ता कोणता? याची उत्तरं गावात एखाद्यालाच माहीत असतात, आणि नेमका तोच त्या दिवशी परगावी असतो.

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामपंचायत अधिकारी आणि आशाताई यांनी एकत्र बसून एक फलक तयार करावा. रात्री उघडा असणारा दवाखाना, लस मिळण्याचं ठिकाण, गाडीवाल्यांचे फोन आणि १०८ क्रमांक त्यावर ठळक लिहावा. फलकावर तारीख टाकावी. दर महिन्याला फोन करून खात्री करावी आणि बदल झाला की तोही लिहावा. जुना फलक म्हणजे गिमलीची धावपट्टी समजा.

फवारणी करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, मापाची. शिफारस हेक्टरी आहे की एकरी, हे आधी वाचा. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. हेक्टरचं औषध एकरात गेलं की अडीचपट झालं! दुसरी, माहितीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी, शेतमजूर दगावले. मळमळ, चक्कर, अंधारी जाणवली की फवारणी थांबवा, दवाखाना गाठा आणि औषधाची बाटली किंवा तिच्यावरचा कागद सोबत न्या. पोटात काय गेलंय हे डॉक्टरांना कळलं तर उपचाराला वेळ लागत नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय जरूर घ्या. फलकाला खर्च फार नाही. मात्र तो कुणी लिहायचा आणि दर महिन्याला कुणी तपासायचा, ही नावं त्याच बैठकीत ठरवून इतिवृत्तात नोंदवा.